आम्ही न केलेली सहल

हे सदर मी आजवर वाचत आलो ते करमणुकीसाठी. कोणाला घाटात बाई दिसली, कोणाच्या माळ्यावर पावलं वाजली... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून लिहिणाऱ्याची टर उडवायची, हा आमच्याकडचा रविवारचा कार्यक्रम. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. "सर, ते आपोआप झालं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नाही, कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. तर आता टर उडवायची पाळी तुमची. उडवा, हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी सिडनीत कॅसल हिलला राहतो. माझा मित्र मिलिंद क्वीन्सलंडमध्ये, टूवूंबाला राहायचा. मध्ये राज्याची बॉर्डर आणि गाडीने अख्ख्या दिवसाचा रस्ता. आम्ही दोघं टूवूंबाच्याच युनिव्हर्सिटीत एकत्र होतो, एका गळक्या भाड्याच्या घरात. मी पिंपरीचा, तो नागपूरचा. पहिल्या हिवाळ्यात त्याच्याकडे दोन ब्लँकेट्स होती आणि माझ्याकडे एकही नव्हतं, तिथून आमचं जमलं. पुढे मला सिडनीत नोकरी लागली, तो तिथेच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटला. लग्नं झाली, पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली, पण फोन नाहीतर व्हॉइस मेसेज रोज ठरलेला.

कोविड आला आणि भारतात जाणं बंद झालं. तेव्हा या पठ्ठ्याने एक टिनी घेतली. टिनी म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी बोट, बसायला आडव्या फळ्या, मागे पेट्रोलचं इंजिन. ट्रेलरवर टाकून गाडीमागे ओढत न्यायची आणि रॅम्पवरून पाण्यात सोडायची. "नागपूरला जाता येत नाही ना, मग पाण्यात तरी जाऊ बे," म्हणाला.

ठरलं असं, की बॉर्डर उघडली की आपण दोघांनीच एक दिवस बोटीतून जायचं. सकाळी निघायचं, पाण्यातच जेवायचं, ऊन उतरायच्या आत परत. प्रश्न एकच होता – कुठल्या पाण्यात?

मला नदी हवी होती. क्लॅरेन्स नदी आम्हा दोघांना साधारण मध्यावर पडते. रुंद, संथ, काठाला उसाची शेतं, मध्ये बेटं. त्याला हवा होता सॉमरसेट धरणाचा तलाव, त्याच्या घरापासून दीडेक तासावरचा. आणि मग सुरू झाला आमचा वाद. छोट्या बोटीसाठी पाणी निवडणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. समुद्रापासून एवढी आत असूनही त्या नदीला भरती-ओहोटी असते, वेळ चुकली की बोट चिखलात. तलावाला ते नाही, पण वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटा उठतात, आणि धरण बांधताना बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्याखाली उभे आहेत, त्यावर इंजिनचा पंखा आपटला की संपलं.

"तलाव बरा बे, संद्या," तो म्हणायचा. "सकाळी सोडला तिथंच संध्याकाळी सापडतो."

"म्हणूनच बोअर आहे. नदीत कुठेतरी जातोय असं तरी वाटतं."

"जाशील, पण परत येताना पाणी उलटं असलं म्हणजे? पेट्रोलचा एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक देवाला... तुझ्या नदीत देवाचा हिस्सा पण संपेल."

"तू कधीपासून देवाला हिस्सा द्यायला लागलास रे?"

"म्हणून तर म्हणतो, माझ्या हिश्श्यातलं जाईल!"

२०२१ च्या सुरुवातीला बॉर्डर उघडी होती. महिनोन्‌महिने उघडी होती, हे मला आता फार लागतं. पण या शनिवारी वारा आहे, पुढच्या शनिवारी त्याची शिफ्ट, त्याच्या पुढच्याला माझं रिलीज. आणि मुख्य म्हणजे आधी नदी की आधी तलाव हे काही ठरेना. खरं सांगायचं तर ठरवायची कोणाला घाईच नव्हती. भांडण्यातच इतकी मजा येत होती की सहलीची निम्मी हौस तिथेच भागत होती.

मग हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जूनमध्ये, सिडनी लॉकडाऊनमध्ये गेली आणि बॉर्डर पुन्हा बंद झाली. ऑगस्टमध्ये मिलिंद गेला. कोविड नव्हता, हार्ट. सकाळच्या शिफ्टला निघताना खुर्चीत बसून बूट घालत होता, तिथेच. चाळिशीही पूर्ण झाली नव्हती.

मला जाता आलं नाही. मी त्याचा अंत्यविधी लॅपटॉपवर पाहिला, लिंक उघडून, माझा माइक म्यूट करून. अंतर ठेवून मांडलेल्या खुर्च्या, मास्क घातलेली मोजकी माणसं, बुद्धवंदना सुरू झाली आणि आवाज तुटायला लागला. त्याची बायको शीतल पहिल्या रांगेत एकटीच होती. दोन्हीकडचे आईवडील नागपूरहून तीच लिंक बघत होते. शेवटी त्या खिडकीत "मीटिंग संपली आहे" असं इंग्रजीत आलं आणि मी कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसलो.

डिसेंबरात बॉर्डर उघडली. नाकात काडी घालून टेस्ट करून घेतली, पास काढला आणि निघालो, एकटाच. टूवूंबाला पोहोचलो तेव्हा शीतल दारात उभी होती. तिनं आधी चहा दिला, मग म्हणाली, "दादा, बोट काढून टाकायची आहे. गिऱ्हाईक आलंय. पण त्याआधी तुम्ही एकदा बसा तिच्यात. त्याची फार इच्छा होती."

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"त्याचा तलावच," ती म्हणाली. "तुमची नदी मला झेपायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सॉमरसेटला गेलो. बोट शीतलच चालवत होती, लायसन्स तिनं आणि मिलिंदनं बरोबरच काढलं होतं. ट्रेलर रिव्हर्स करून रॅम्पवर इतका सरळ उतरवला की शेजारचा एक गोरा काका "गुड ऑन या!" म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या तलावावर आलो होतो. स्वच्छ ऊन, वारा नाही, पलीकडे सुकलेल्या गवताच्या टेकड्या. छान होतं, हे मान्य करावंच लागेल. मिलिंदला हे कधी म्हणालो नाही याचं वाईट वाटलं.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. शीतलनं बोट एका अरुंद फाट्याकडे वळवली आणि मी एकदम ओरडलो, "डावीकडे घे! खाली झाडं आहेत!"

तिनं घाईनं बोट वळवली. उजव्या बाजूला पाण्याच्या जेमतेम खाली काळे बुंधे उभे होते, ओळीनं. वर काहीच खूण नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मिलिंदनं सांगितलं असेल कधीतरी," मी म्हणालो. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं. पण परतताना मी आठवत राहिलो... त्यानं बुंध्यांबद्दल सांगितलं होतं, नेमका हा फाटा कधीच नाही. तरी म्हटलं, जाऊ दे, पाण्याचा रंग बघून अंदाज आला असेल.

बोट ट्रेलरवर चढवली आणि आम्ही कॅम्पिंगच्या मैदानाजवळ एक छोटं दुकान आहे तिथे कॉफी घ्यायला गेलो. काउंटरमागे सत्तरीच्या बाई होत्या. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"बॅक अगेन, लव्ह? आणि तुझा मेट कुठाय आज?"

मी म्हणालो की तुमची काहीतरी गल्लत होतेय, मी इथे पहिल्यांदाच आलोय. मनात म्हटलं, हिला सगळे इंडियन सारखेच दिसत असणार. शीतल मात्र थबकली होती. तिनं फोनमधला मिलिंदचा फोटो काढून बाईंसमोर धरला.

"हाच की! मोठ्यानं हसतो तो," बाई म्हणाल्या. "थंडी पडायच्या जरा आधी आला होतात ना तुम्ही दोघं. काय भांडत होतात रे पाण्यावरून! मला विचारत होतात, सांगा, नदी चांगली की तलाव. शेवटी तो मला म्हणाला, आज मी जिंकलो, पुढच्या वेळी याला याची नदी देणार आहे."

शीतलनं काउंटरची कड घट्ट धरली.

"थांबा, तुमचं काहीतरी राहिलंय इथे," असं म्हणत बाई आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. "बाकावर विसरलात. परत याल म्हणून ठेवला. आत तिखट कॉर्नफ्लेक्स होते, ते माझ्या नवऱ्यानं संपवले हं, सॉरी. धुऊन ठेवलाय."

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानदार ते टर्रर्र करणारं यंत्र फिरवतो आणि पुढच्या दोन पिढ्या पंगतीतली पातेली ओळखता येतात. त्या डब्याच्या झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत माझ्या आईचं नाव होतं. "सौ. सुमन" आणि खाली आमचं आडनाव. कडेला पोचा होता, तो लहानपणी माझ्याच हातून पडला होता. आमच्या घरचा चिवड्याचा डबा... जो कॅसल हिलला आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असतो.

बाहेर येऊन मी बायकोला, मंजिरीला, फोन लावला.

"आईचा चिवड्याचा डबा बघ गं वरच्या फळीवर आहे का."

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. "नाहीये. तू नेलास का प्रवासाला?"

"मी कशाला नेऊ? तू मला प्लॅस्टिकच्या डब्यांत दिलंयस ना सगळं."

"मग कुठे जाईल? आत्ता दिवाळीत तर त्यातच केला होता कॉर्नफ्लेक्सचा चिवडा. फोटो आहे की फराळाचा, थांब."

फोटो आला. लाडू, चकल्या, मागे पणती, आणि एका बाजूला तोच डबा, झाकणाचा पोचा कॅमेऱ्याकडे. दिवाळी नोव्हेंबरात झाली. मिलिंद ऑगस्टमध्ये गेला. आणि बाई म्हणत होत्या की डबा थंडीच्या आधीपासून त्यांच्याकडे आहे. मी तीन-तीनदा हिशेब लावला, कुठूनही जमेना.

घरी परतल्यावर मी माझं नेहमीचं काम केलं. फोनची लोकेशन हिस्टरी, ऑफिसच्या रजा, टोलच्या नोंदी, सगळं तपासलं. त्या महिन्यांत मी सिडनीच्या बाहेरही पडलो नव्हतो. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. इथे कोणी काय केलं असेल, ते मला सुचतही नाही.

पण मी हे लिहायला बसलो ते डब्यासाठी नाही. त्या दिवशी दुकानाबाहेरच्या बाकावर शीतल माझ्याशेजारी बसली होती. मी फोन ठेवला तशी ती म्हणाली, "आलात तेव्हा मला का नाही सांगितलं? मी रागावले असते का?"

"शीतल, शपथ घेऊन सांगतो, मी आलो नव्हतो गं. आलो असतो तर तुला भेटल्याशिवाय गेलो असतो का?"

ती डोळे पुसून म्हणाली, "तो गेला ना, तेव्हापासून मला एकच खात होतं. लॅबमध्ये टेस्टा करत राहिला, सुट्टी नाही, घरी जाणं नाही... एक दिवस स्वतःच्या मनासारखा नाही मिळाला त्याला. आता कळलं की मिळाला होता. तुम्ही कसे आलात ते नका सांगू. तुम्ही होतात, मला पुरे."

मी आलो नव्हतो, असं पुन्हा म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

ती आता सावरली आहे. बोट तिनं विकली नाही, स्वतःच घेऊन जाते त्या तलावावर. मधूनमधून फोन करते आणि हसत विचारते, "दादा, त्या दिवशी बोटीत अजून काय काय म्हणाला हो तो?" मी म्हणतो, तुला माहीतच आहे, तलाव कसा भारी ते सांगत होता. ती खूश होते.

मला कारण सापडलेलं नाही, आणि कोणी पटण्यासारखं सांगेल अशी आशाही उरलेली नाही. सांगायचं असेल तर खाली लिहा, मी वाचीन. पण माझं दुखणं वेगळंच आहे. त्या दुकानातल्या बाईंना तो दिवस आठवतो. शीतलकडे तो दिवस आहे. मिलिंदला, तो जिथे असेल तिथे, मिळाला असं धरून चालू. त्या बोटीत त्याच्यासमोर बसून मी दिवसभर भांडलो, जेवलो, हसलो... आणि एवढं सगळं करून मला त्यातलं काहीच आठवत नाही. डोळे मिटून खूप प्रयत्न करतो. एक वाक्य, त्याचा एक "बे" तरी आठवावा. नाही आठवत.