मिस्त्रींच्या गाडीचा नंबर

"गाडी येणार असेल तर मी येतो. नाहीतर मी इथंच बरा." मिस्त्रींनी लेकीला फोनवर असं ठणकावून सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेक परदेशात, हे तिकडे एकटे, आणि स्वतःपुरता चहासुद्धा धड करता येत नाही. लेकीनं रडून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी जावईच म्हणाला, "येऊ दे गं गाडी. सासरे नुसते आले तर दिवसभर माझ्याच गाडीखाली झोपतील."

तर सासरे विमानानं आले आणि गाडी मागून बोटीनं आली.

फिकट निळी, गोल पाठीची, जुन्या घडणीची गाडी. दार लावलं की धप्प असा भरीव आवाज यायचा, हल्लीच्या गाड्यांसारखा डबा आपटल्याचा नाही. मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ केले, गंजलेले भाग कापून नवे जोडले, वरून रंग मारले. स्वतःची गाडी मात्र कधी नव्हती. ही त्यांना एका गिऱ्हाइकाच्या अंगणात सापडली. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. गिऱ्हाईक म्हणालं, उचलून न्या, अंगण तरी मोकळं होईल. मग मिस्त्री आणि त्यांची बायको, दोघांनी मिळून ती उभी केली. लेक तेव्हा शिकायला बाहेरगावी होती. घरात दोघंच. बायकोनं गंज खरवडला, गाद्या शिवल्या, दिवा धरला. लोक म्हातारपणी देवाला जातात, ही दोघं गाडीखाली जायची.

माझ्याकडे ते आले ते नोंदणीसाठी. परमुलखात आलेल्या आपल्या माणसांची कचेऱ्यांतली भांडणं मी भांडते. मला कोणी नेमलेलं नाही आणि शिकवलेलंही नाही. कायदा मी रांगेत उभी राहून शिकले. मिस्त्री पहिल्याच दिवसापासून मला "पुढारीणबाई" म्हणायला लागले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला तिथंच सुनावलं असतं.

इथं जुन्या, जपलेल्या गाड्यांची नोंदणी वेगळी होते. कागद पुरे, गाडी सुस्थितीत आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर कागदाशी जुळला पाहिजे. मी अर्ज भरताना नंबर विचारला. मिस्त्रींनी गाडीच्या पुस्तकात न बघता तो म्हणून दाखवला, ठेक्यात, एका आकड्याजवळ जरा थांबत.

"पाठ आहे?"

"पाठ कसला, हातात आहे. मीच ठोकलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नंबर होता तिथं बॅटरीचं पाणी गळून सांगाड्याची चाळणी झाली होती. तो तुकडा कापून त्यांनी नवा जोडला, घासून सपाट केला आणि त्यावर तोच नंबर पुन्हा ठोकला. एकेका आकड्याचा पोलादी ठसा असतो. लोखंडावर उभा धरायचा आणि हातोडीचा एकच घाव. दुसरा बसला की आकडा दुहेरी उठतो. बायको गाडीचं पुस्तक मांडीवर घेऊन बाजूला बसलेली. ती आकडा वाचणार, डबीतून ठसा काढून देणार, हे ठोकणार. सहाचा आणि नऊचा ठसा एकच, म्हणून ती दर वेळी बजावायची, "सहा आहे हं. पोट खाली." तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा हे चिडून म्हणाले, "अगं पोट कुठं असतं ते कळतं मला." ती इतकी हसली की यांच्या हातातला ठसा हलला. तो सहा जरासा कललेला आहे.

"तेवढाच वाकडा," मिस्त्री म्हणाले. "बाकी कारखान्यानं काय ठोकला असता असा."

मी लेखणी खाली ठेवली. आपल्या मुलखात हे सर्रास चालतं. सांगाडा गंजला की नंबर पुन्हा ठोकायचा, नीट ठोकला तर साहेबही पाठ थोपटतो. इथं त्याचा अर्थ एकच होतो, गाडी चोरीची.

"मिस्त्री, ऐका. तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही. विचारतील त्याचं उत्तर मी देणार."

"तोंड काय, दातसुद्धा दाखवत नाही."

तपासणीच्या दिवशी तो लांबलचक हॉल, जमिनीत खड्डे, वर पांढरे दिवे. लोकांच्या जुन्या गाड्यांची पोटं चिखलानं माखलेली. आमचे मिस्त्री आदल्या दिवशी गाडीखाली शिरून तो नंबर चकचकीत करून आलेले! वरून पारदर्शक लाखेचा हात मारलेला. मला हे कळलं तेव्हा गाडी खड्ड्यावर चढलेली होती. कपाळावर हात मारायलाही वेळ नव्हता.

तपासनीस तरुण होता, सभ्य होता. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मान डोलावली. मग खाली उतरला. नंबरापाशी त्याचा टॉर्च थांबला. त्यानं कसलासा फवारा मारून लाख पुसली, भिंग लावलं. जोडाच्या रेघेवरून बोट फिरवलं. ती रेघ इतकी बारीक होती की मला दाखवूनही दिसली नसती. त्यानं वर बघून विचारलं, हे कोणी केलं?

मी सांगायला तोंड उघडत होते की गाडी आली तेव्हा अशीच होती, आधीच्या मालकानं काय केलं कोणास ठाऊक. पण मिस्त्रींना भाषा कळायची गरजच नव्हती. आयुष्यभर लोक त्यांच्या कामावर असंच बोट ठेवून हाच प्रश्न विचारत आले होते. त्यांनी छातीवर अंगठा ठोकला आणि सगळे दात दाखवत म्हणाले, "मी!"

तपासनीसही हसला. हसता हसता त्यानं लाल चिठ्ठी काढली आणि काचेवर चिकटवली.

"पास?" मिस्त्रींनी मला विचारलं.

गाडी अडकली. लेकीच्या घराखाली उभी ठेवायची, रस्त्यावर काढायची नाही. आधी चोरीची आहे का याची चौकशी झाली. नाही, असं निघालं. मला वाटलं, सुटलो. मोठ्या साहेबिणीनं बोलावलं आणि सांगितलं की गाडी चोरीची नाही हे मान्य, पण हा नंबर कारखान्याचा नाही हेही तितकंच खरं. मूळ तुकडा कुठं आहे? तो भंगारात गेलेला. मग दोन वाटा. गाडी देशाबाहेर न्या किंवा मोडीत द्या, ही एक. नाहीतर हा ठोकलेला तुकडा कापून कचेरीत जमा करा, आम्ही नवा नंबर देऊ, गाडी पुन्हा बांधलेली म्हणून नोंदवू.

मी टेबलावर हात आपटला. "चोर असा नंबर ठोकतो का? चोर भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही असा जोड करतो का?"

"चांगला चोर असाच करतो," ती शांतपणे म्हणाली. "तुमचा माणूस चोर नाही, हे मला दिसतंय. नियम त्याच्यासाठी केलेला नाही."

"लागतोय तर त्यालाच."

"हो," ती म्हणाली.

आवाज चढवणाऱ्या साहेबाशी मला भांडता येतं. हिच्याशी कसं भांडायचं ते मला कळेना. मी वरच्या कचेरीत अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. शेवटचं म्हणून विचारलं, कापलेला तुकडा तरी त्यांना ठेवू द्याल? नाही. नंबर असलेला तुकडा उद्या दुसऱ्या गाडीला जोडता येतो, म्हणून तो वितळवतात. फोटो काढा हवा तर.

हे मी मिस्त्रींना लेकीच्या स्वयंपाकघरात सांगितलं. ते टेबलावरचा मिठाचा डबा सरळ करत बसले.

"फोटो नको," एवढंच म्हणाले.

लेक ओट्याशी उभी होती. तिला त्या नंबराची गोष्ट त्याच दिवशी कळली, माझ्या तोंडून. बापानं तिला कधी सांगितलीच नव्हती. तिनं हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, कापून टाका. गाडी तरी राहील."

"गाडी घेऊन काय करू?"

"मग एवढ्या लांब आणली कशाला?"

"तुला नाही कळायचं."

"नाही कळायचं कसं? माझी आई नव्हती ती? बाबा, पत्र्याचा तुकडा आहे. आई त्याच्यात नाहीये."

"मग कुठं आहे?" मिस्त्रींनी मान वर केली. "सांग ना. फोटोत नाही, राखेत नाही, तुझ्या या घरात तर तिनं पायच ठेवला नाही. कुठं आहे सांग, तिथं जातो."

लेकीनं नळ सोडला. भांडं एकही नव्हतं बेसिनमध्ये. पाण्याच्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही रोज खाली त्या लाल चिठ्ठीच्या गाडीत जाऊन बसता. शेजारच्या सीटवर हात ठेवून. मला इथून दिसतं. ते सगळंच मोडीत निघालं तर तुम्ही कुठं बसाल, मी त्याचा विचार करतेय. मलाही तिच्या शिवलेल्या गादीवर बसायचंय बाबा. एकदाही बसले नाही मी."

मिस्त्री उठले. बेसिनपाशी जाऊन त्यांनी नळ बंद केला.

"मी कापणार," ते मला म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. एवढं मिळवून द्या, पुढारीणबाई."

एवढं मी मिळवलं. कचेरीनं नेमलेल्या गॅरेजचा मालक आधी का कू करत होता. मिस्त्रींनी त्याच्या कटरची चकती हातात घेऊन नुसती फिरवून बघितली आणि दुसरी मागितली, तेव्हा तो गप्प बाजूला झाला. तपासनीस हजर होता. मिस्त्री गाडीखाली शिरले. मी वाकून बघत होते, कोणीतरी बघायला हवं होतं. त्यांनी चष्मा चढवला, कटर सुरू केला आणि लगेच बंद केला. डाव्या हाताची बोटं त्या आकड्यांवरून एकेक करत नेली. कललेल्या सहावर बोट राहिलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी कापलं. ठिणग्या त्यांच्या बाहीवर पडत होत्या, त्यांनी बाही झटकली नाही.

जोडावरून बरोबर कापलं. स्वतःच घातलेली शिवण उसवावी तसं.

तुकडा हाताला चटका देण्याइतका गरम होता. तपासनीस हातमोजा घालून पुढे आला, तरी मिस्त्रींनी तो उघड्या हातात निवेपर्यंत धरून ठेवला. मी तपासनिसाकडे असं पाहिलं की त्याची घाई करायची हिंमत झाली नाही. शेवटी तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत गेला, वर दोरीनं चिठ्ठी बांधली गेली.

नवा पत्रा मिस्त्रींनीच जोडला. नवा नंबर मात्र यंत्रानं उमटवला. टर्रर्र असा आवाज झाला, संपलं. ठिपक्याठिपक्यांचे आकडे, एकसारखे, सरळ. मिस्त्रींनी ते वाचले नाहीत.

नव्या नंबराच्या पाट्या मिळाल्या त्या दिवशी लेकीनं कामावरून सुट्टी घेतली. ती पुढे बसली, गादीवरच्या टाक्यांवरून तळवा फिरवत. मी मागे. मिस्त्रींनी गाडी काढली. रस्त्यावर लोक थांबून बघत होते, एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. लेक रडत होती आणि हसतही होती. "बाबा, कसली मस्त चालते हो!" मिस्त्री हं म्हणाले. चढावर एकदा, उतारावर एकदा, वळणावर त्यांनी मान तिरकी करून कान लावला. ब्रेक दाबून बघितला. पुढं एका ठिकाणाहून वळवून गाडी परत घरी आणली.

खाली लावल्यावर त्यांनी खिशातून फडकं काढलं. स्टिअरिंग पुसलं, गिअरचा दांडा पुसला. स्वतःसाठी पुढे ओढलेली सीट पुन्हा मागे सरकवली. उतरून दाराची कडी पुसली आणि किल्ली लेकीपुढे धरली.

"ट्रायल घेतली," ते म्हणाले. "गाडी ठीक आहे. घेऊन जा."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मिस्त्री जिन्याकडे निघाले होते, गिऱ्हाइकाची गाडी देऊन झाल्यावर माणूस निघतो तसे, हात पुसत.