चार कपाटं आणि चौथा राजीनामा

वाचनालयात दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान फडक्यानं निघते. किस्से निघत नाहीत. कुणाला एखादा सांगितला की समोरचा हमखास म्हणतो, "ताई, किती मजेचं काम हो तुमचं!"

मजेचं! बावीस वर्षं या खुर्चीवर बसून बघा, मग बोलू.

तुम्ही विचारलंच आहे तर सांगते. पण आधीच बजावून ठेवते, मी थकले आहे. गुडघे गेलेत. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला राहते, नवीन फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. ती रोज फोनवर एकच प्रश्न विचारते, "आई, अजून किती दिवस?" मी तीनदा राजीनामा लिहिला. पहिला अध्यक्षांनी पुढच्या सभेत घेऊ म्हणून ठेवला. दुसऱ्यावर त्यांनी चहा मागवला. तिसरा त्यांच्याकडून हरवला. चौथ्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

आमचं वाचनालय नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत आहे. खाली कपड्याचं दुकान, वर आम्ही. दोन खोल्या आणि चार कपाटं: चरित्रं, अद्भुतकथा, बालकथा आणि इतिहास. वाचनालय काढलं ते आमच्या गुरुजींनी, आणि त्यांनी असा एक नियम करून ठेवला की तो ऐकून नवीन माणूस अर्ध्या जिन्यातून परत जातो. चारही कपाटांतून पाळीपाळीनं पुस्तक घ्यायचं! तुम्हाला नुसतीच चरित्रं आवडत असतील तरी एक चरित्र झालं की अद्भुत, मग बालकथा, मग इतिहास, तेव्हा कुठे पुन्हा चरित्र. गुरुजी म्हणायचे, "रोज एकच भाजी खाल्ली तर माणूस वाळते. डोक्याचंही तसंच आहे."

दुसरा नियम, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असतो. परत करताना त्यावर अभिप्राय लिहायचा. एक ओळ का होईना, पण खाली सही हवी.

गुरुजी जाऊन नऊ वर्षं झाली. नियम त्यांचे राहिले आणि शिव्या माझ्या वाट्याला आल्या.

*

सगळ्यात जास्त शिव्या ढोके काकांच्या. काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांना फक्त लढाया हव्यात. इतिहासाचं कपाट त्यांनी दोनदा पालथं घातलंय. बालकथांची पाळी आली की ते दारातूनच सुरू होतात.

"ताई, मी काय लहान पोट्टा आहो का?"

"नियम आहे काका."

"काहून पण? तीस वर्षं बसमध्ये उभा राहिलो मी. नियम कोण बनवते अन् कोण पाळते, सारं पाहिलं आहे मी!"

एकदा असंच भांडून झाल्यावर ते सशाचं एक पुस्तक घेऊन गेले. चहाच्या टपरीवर कुणी बघू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. आठ दिवसांनी पुस्तक आपटून परत केलं. मला वाटलं, अभिप्रायात आता माझाच उद्धार केला असणार. वाचलं तर लिहिलं होतं:

"सशाने कोल्ह्याला उगाच तोंड दिले. मागचे बीळ मोकळे होते. माघार घेऊन कुमक आणायला पाहिजे होती. ढोके."

*

रामटेके मॅडम म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका. चरित्रांवर त्यांचा जीव. खरी माणसं, खरे कष्ट, खऱ्या तारखा. अद्भुतकथेच्या पाळीला त्या पुस्तक दोन बोटांत धरून नेतात.

एकदा उडणाऱ्या डोंगराची कादंबरी परत आली ती लाल होऊन! अकरा पानांच्या समासात लाल पेनानं एकच प्रश्न विचारलेला, "हे कसे?" डोंगर उडाला, हे कसे? राक्षस आरशातून आला, हे कसे?

मी म्हटलं, "मॅडम, वाचनालयाचं पुस्तक आहे हो."

त्या खरंच वरमल्या. "काय करू बाई, इतकी वर्षं वह्या तपासल्या. लाल पेन हातात आला की हात थांबतच नाही."

त्यानंतर ते पुस्तक गेलं कुहीच्या भोयर भाऊंकडे. भाऊंची धानाची शेती. महिन्यातून एकदा कामानिमित्त नागपूरला येतात तेव्हा आमचा जिना चढतात. राक्षस, जादू, आरसे, सगळं त्यांना आवडतं आणि सगळं पटतं. पुस्तक परत आलं तेव्हा अकराही प्रश्नांखाली पेन्सिलीनं उत्तरं होती! "मंत्रानं." "आरसा तिकडून उघडा होता." "राक्षसाले झोप नव्हती लागली म्हणून."

मॅडमना मी ती पानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी उत्तरं तपासली आणि म्हणाल्या, "दोन चुकलीत."

*

याच भोयर भाऊंनी इतिहासाच्या पाळीला मला चार महिने छळलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका राजावरचा जाडजूड ग्रंथ घेऊन गेले आणि आलेच नाहीत. मी फोन केला.

"वाचून राहिलो नं ताई. राजा लहान आहे अजून."

महिन्याभरानं पुन्हा फोन केला. राजाचं लग्न होतं. त्याच्या पुढच्या महिन्यात किल्ल्याला वेढा पडला होता आणि भाऊ म्हणाले, "आता असं मधातच त्याले सोडून कसा येऊ बाप्पा?"

चौथ्या महिन्यात मी ठरवलं, आज आवाज चढवायचा. फोन लावला तर भाऊ एकदम हळू बोलले, "म्हातारा झाला ताई तो आता. दोनच पानं राहिली. सुखानं जाऊ द्या त्याले."

धान कापून झाल्यावर आले. बरोबर पिशवीभर चिन्नोर तांदूळ. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "गेला."

मी रागावणार होते. पण अशा माणसावर रागवायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरलेला नाही. मी म्हटलं, "बसा भाऊ, पाणी घ्या."

*

आमची सगळ्यात लहान वाचक गार्गी. वय वर्षं नऊ. चौथीत. नियम लहानांनाही आहे, त्यामुळे चरित्राची पाळी तिलाही येते. तीन चरित्रं वाचून झाल्यावर तिनं टेबलावर कोपरं टेकून मला विचारलं, "ताई, हे सगळे शेवटी मरतातच का वं?"

"अगं, 'वं' काय म्हणतेस मला!"

"आजी म्हणते नं सगळ्या बायांना. सांगा नं, मरतातच का?"

आता काय सांगणार? म्हटलं, बहुतेक.

चौथं चरित्र परत आलं ते एका समाजसेवकांचं. शेवटचं प्रकरण स्टेपलर मारून तिन्ही बाजूंनी बंद! आणि अभिप्राय: "हे आजोबा मला आवडले. शेवट मी वाचला नाही. तुम्हीपण वाचू नका. गार्गी."

मी पिना काढणार होते, पण राहून गेलं. त्यानंतर ते पुस्तक पाच मोठ्या माणसांनी नेलं. रामटेके मॅडमनीसुद्धा. एकाही पठ्ठ्यानं पिन काढली नाही!

*

आता अध्यक्ष साहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, दर शनिवारी बरोबर अकराला येतात. चरित्र आणि इतिहास मनापासून वाचतात, तक्रारीला जागा नाही. पण बालकथा? नियम मोडला असं होऊ नये म्हणून घरी नेतात आणि आठ दिवसांनी जशीच्या तशी परत आणतात. अभिप्राय ठरलेला, "छान. बोधप्रद." खाली लांबरुंद सही आणि अध्यक्षांचा गोल शिक्का! शिक्का त्यांच्या खिशातच असतो.

एकदा छापखान्याच्या चुकीनं एक पुस्तक आलं होतं, त्यातली अर्धी पानं कोरी होती. परत पाठवायच्या गठ्ठ्यातून ते चुकून साहेबांकडे गेलं. आठ दिवसांनी परत आलं.

"छान. बोधप्रद."

मी हसले नाही. हसायचे दिवस होते तेव्हा खूप हसून घेतलं.

*

गेल्या हिवाळ्यात इतिहासाच्या वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना मी स्टुलावरून पडले. हाड मोडलं नाही, पण जमिनीवर बसल्या बसल्या मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. पुस्तकं आजूबाजूला पडलेली आणि ती उचलायची कुणी, तर मीच, या विचारानं रडू आलं.

त्याच संध्याकाळी चौथा राजीनामा लिहिला. साध्या कागदावर, थोडक्यात. "माझे गुडघे आता साथ देत नाहीत. काम फार अवघड नाही, माझ्या जागी कोणीही चालेल. तरी मला येत्या एक तारखेपासून मोकळे करावे, ही नम्र विनंती." मुलीला फोन करून सांगितलं की येते. तिनं आनंदानं खोली रिकामी केली, पडदे लावले, खिडकीशी खुर्ची ठेवून तिचा फोटोही पाठवला.

पण राजीनामा तोंडावर द्यायची हिंमत होईना. पुन्हा चहा मागवला असता त्यांनी! म्हणून शनिवारी साहेबांना द्यायच्या पुस्तकात पहिल्याच पानाशी कागद ठेवला. घरी उघडतील, वाचतील, विषय संपेल.

त्या शनिवारी त्यांची पाळी बालकथांची होती. चपला घालणाऱ्या हत्तीच्या गोष्टी. बावीस वर्षं या टेबलाशी काढलेल्या बाईला एवढंही सुचू नये!

पुढच्या शनिवारी पुस्तक परत आलं. "छान. बोधप्रद." आणि माझ्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. मी समजले, साहेब विचार करताहेत. पुस्तक फळीवर ठेवलं आणि वाट बघत बसले. मीही काही कमी नाही. परत आलेल्या पुस्तकाचं मी हल्ली फक्त शेवटचं पान बघते, बाकी उघडते कुठे?

एक तारीख गेली. पुढच्या महिन्याचीही गेली. मुलगी फोनवर विचारायला लागली, "पडदे काढून ठेवू का?"

आणि त्याच दिवसांत इकडे सगळ्यांना काहीतरी झालं. ढोके काकांनी हत्तीचं पुस्तक परत केलं आणि पहिल्यांदाच भांडले नाहीत. उलट निघताना म्हणाले, "ताई, वरच्या फळीचं काही लागलं तर मले आवाज देत जा." नंतर रामटेके मॅडमची बालकथांची पाळी आली. फळीकडे न बघताच म्हणाल्या, "हत्तीचंच द्या." मग भोयर भाऊ, "मले हत्तीचं." भाऊ पुढच्या महिन्यात दिलेल्या तारखेला हजर! सोबत कुहीच्या सुताराकडून करून आणलेली तीन पायऱ्यांची लाकडी शिडी, बाजूला धरायला दांडा असलेली.

"हे कशाला भाऊ?"

"असू द्या नं," एवढंच म्हणाले.

मग गार्गीनं हत्ती नेला. तिनं परत केला त्याच्या पुढच्या शनिवारी फिरत फिरत साहेबांची बालकथांची पाळी आली, आणि त्यांनी स्वतः फळीवरून तेच पुस्तक काढलं. मी म्हटलंसुद्धा, "साहेब, हे तुमचं झालंय." ते म्हणाले, "नाही झालेलं."

आठ दिवसांनी अकराला आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. नेहमीसारखे 'चला' म्हणून निघाले नाहीत. टोपी हातात घेऊन म्हणाले, "ताई, एकदा उघडून बघा." आणि जिना उतरून गेले.

पहिल्या पानाशी माझा कागद होता. मऊ पडलेला, कडा दुमडलेल्या. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला अभिप्राय. नियमच आहे ना!

"गुडघे जखमी असता एकट्याने लढू नये. माघार नको. कुमक मागवावी. ढोके."

कागद उलटला. समोरच्या बाजूला 'माझ्या जागी कोणीही चालेल' या ओळीखाली लाल रेघ होती, आणि समासात रामटेके मॅडमचं अक्षर, "हे कसे?" त्याच्याखाली पेन्सिलीनं भोयर भाऊ, "मलेही नाही समजलं."

कागदाचा खालचा भाग, 'तरी मला' पासून पुढचा सगळा, वर दुमडून त्याला तीन पिना मारलेल्या होत्या. त्या घडीवर स्केचपेननं लिहिलं होतं, "शेवट मी वाचला नाही. तुम्हीपण वाचू नका. गार्गी."

आणि अगदी खाली, उरलेल्या बोटभर जागेत, अध्यक्ष साहेबांची लांबरुंद सही, गोल शिक्का आणि एक ओळ:

"मीही शेवट वाचलेला नाही."