शाळेचं नाव

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही, बहिणीला नाही, शेजारच्या वर्गावर अकरा वर्षं शिकवणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखणाऱ्यांसमोर अजून धीर होत नाही म्हणून? दोन्ही खरं असेल.

मी अहमदपूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिक्षिका आहे. ऑनलाइनची कामं माझ्याकडे असतात. मुलांची नावं, आधार क्रमांक, जात, उंची, वजन, कुणाला चष्मा लागलाय, कुणाला फिट येते — सगळं सरकारी पोर्टलवर भरायचं. शाळा सुटल्यावर मी एकटीच बसायची. ऊन कलायचं, पडद्यावरचं गोल चाक फिरत राहायचं, डोळे जड व्हायचे. त्या गुंगीत वाटायचं, सगळं गाव पाण्याखाली आहे आणि मी काठावरून बघते आहे. कोणतं लेकरू कुठून आलं, कुठं गेलं, त्याला काय होतंय... मला दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. हे मला आवडायचं. ते आधीच सांगून टाकते.

अंकिता तेव्हा चौथीत, माझ्याच वर्गात. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची आणि कधी चुकायची नाही. तिची आई, शोभा, एका मधल्या सुट्टीत आली. दार लोटून घेतलं, पदर बाजूला करून खांदा दाखवला. नवऱ्यानं मारलं होतं — पहिल्यांदा नव्हे, हे दिसतच होतं.

"पोरीला घेऊन चालले, बाई," ती म्हणाली. "दाखला मागितला तर त्यांना कळंल. कुठं जाते ते तुमालाबी सांगत न्हाई. राग धरू नका."

मी तिला समजावलं की दाखल्याची गरजच नाही. नवी शाळा ऑनलाइन मागणी पाठवील, ती फक्त माझ्याकडे येईल, मी मंजूर करीन. कुणाला कळणार नाही. ती माझा हात धरून उभी राहिली, बराच वेळ. हात खरबरीत होता. तो हात मला आजही — पण नको. हात आठवणं सोपं आहे.

महिन्याभरात मागणी आली. नांदेडची शाळा होती. मी बटण दाबलं आणि अंकिता माझ्या यादीतून निघून गेली.

मग तिचा बाप आला.

या जागी मी नेहमी अडते. इतकी वर्षं ही गोष्ट मी मनात स्वतःलाच सांगत आले, आणि सांगता सांगता तिच्यात एक रडणारा माणूस येऊन बसला. माझ्या आठवणीत तो डोळे पुसतो. खरं म्हणजे तो रडला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून, हलक्या आवाजात बोलत बसला होता. दोन महिने पोरीचं तोंड बघितलं नाही म्हणाला. पिशवीतून फ्रॉक काढून दाखवला. मी सांगितलं, मला काही माहीत नाही. हे बरोबर केलं. इथवर मी बरोबर होते.

तो उठला आणि सहज म्हणाला, "तुमालाबी कुठं ठाऊक असणार म्हणा. तुमचं काम निस्तं भरायचं."

एवढंच.

तुम्हाला वाटेल, एवढ्यानं कुणी असं करतं का? मी केलं. संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. शाळेचं नाव, वॉर्ड, अंकिताचा वर्ग, तुकडी. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि मी काढू दिला. त्यानं धाक घातला नव्हता, काही देऊ केलं नव्हतं.

त्याच्याही खाली आणखी एक आहे. ते सांगायला मला जास्त वेळ लागला. मला शोभाचा राग येत होता. माझ्या घरात मी जे वीस वर्षं गिळत आले, ते ही बाई एका पिशवीत चार कपडे भरून मागं टाकून गेली. हिला वाट कशी सापडली? पडदा वळवताना हे मनात होतं. स्पष्ट नव्हतं, पण होतं.

पुढच्या आठवड्यात नांदेडच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. शाळा सुटताना तो फाटकाशी उभा होता. अंकिताला ओढून न्यायला लागला. ती फाटकाला धरून राहिली, त्यानं इतकं हिसडलं की तिचं मनगट मोडलं. शोभा धावत आली तर तिला रस्त्यावर पाडून मारलं. लोकांनी सोडवलं. दवाखान्यातून मायलेकी गेल्या त्या परत शाळेत आल्याच नाहीत. बाईंनी विचारलं, माहिती तुमच्याकडून गेली का?

"सगळं ऑनलाइन आहे, मॅडम," मी म्हणाले. "कुठून फुटलं कुणास ठाऊक."

किती सहज निघालं ते वाक्य. त्यांना पटलं. आमच्या मुख्याध्यापक सरांनाही पटलं. पुढं मला ते इतकं सवयीचं झालं की तालुक्याच्या बैठकीत मी उभी राहून बोलले — लेकरांची एवढी माहिती सरकार कशाला गोळा करतं, ती कोण बघतं, तिला कुलूप कुठाय? आमच्याकडच्या एका मुलीचं काय झालं, तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या. बोलले त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तेव्हापासून मुलांच्या खाजगीपणाचा विषय निघाला की लोक माझं नाव घेतात.

दोन वर्षांपूर्वी लातूरच्या स्टँडवर शोभा भेटली. मुलाच्या क्लासची चौकशी करून मी परत निघाले होते. मागून कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. शोभाच्या केसांवर डाळीचा पिवळा भुगा होता. शेजारी अंकिता, आईच्या खांद्याला आलेली. उजवं मनगट थोडं वाकडं जुळलेलं. दोघी एका डाळमिलमध्ये निवडायला जातात. कोणत्या, तेही तिनं सांगितलं. मी विचारलं, शाळा?

"न्हाई घातलं नाव," शोभा म्हणाली. "शाळेत नाव घातलं की ते कम्प्युटरात जातंय, अन् त्यात गेलं की त्यांना दिसतंय. त्या कम्प्युटरानंच घात केला आमचा. तुमी तेवढा शब्द पाळला, बाई."

अंकिता माझ्याकडे बघून हसली.

मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणणार नाही. यंत्रानं नाही, मी सांगितलं — एवढं एक वाक्य बोलले असते तर शोभा माझ्या तोंडावर थुंकली असती. आणि मग तिला कळलं असतं की धोका दर शाळेत बसलेला नाही, तो एका बाईत होता. दुसऱ्या कुठल्या शाळेत तिनं पोरीचं नाव घातलं असतं.

"हाव," मी म्हणाले. "जपून राहा."

अहमदपूरची गाडी लागली होती. मला खिडकीची जागा मिळाली. वारा चांगला होता. माझा डोळा लागला, आणि अहमदपूर येईपर्यंत मी गाढ झोपले.

त्यानंतर पाच-सहा वेळा लातूरला गेले असेन. ती डाळमिल स्टँडपासून लांब नाही. मी गेलेले नाही.