पद्मिनीने पकडलेला तास

पद्मिनी देवस्थळे २०१४ साली नवऱ्यापाठोपाठ डब्लिनला आली, तेव्हा पुण्यातल्या सहा वर्षांच्या प्रोग्रामिंगचा अनुभव तिच्या गाठीशी होता. पण नवऱ्याबरोबर आलेल्या बायकोला नोकरीसाठी वेगळा परवाना लागायचा आणि ती खटपट करायला कुठलीच कंपनी तयार होईना. बघता बघता पाच वर्षं गेली, मुलगी रेवा शाळेत जाऊ लागली. २०१९च्या मार्चमध्ये नियम बदलला आणि एप्रिलमध्ये पद्मिनी ब्लँचर्डस्टाउनला आमच्या छोट्या कंपनीत मुलाखतीला आली.

समोर आम्ही दोघं होतो, आमची प्रमुख ओर्ला आणि मी. माझा एक प्रश्न ठरलेला असायचा.

"फावल्या वेळात घरी काय कोड करता?"

ज्याला खरी आवड आहे तो शनिवार-रविवारीही कोड लिहितोच, असं माझं ठाम मत होतं. मी स्वतः लिहायचो. माझी बायको अनुया डून लेरीच्या समुद्रावर एकटीच फिरून यायची.

"घरी कोड नाही करत," पद्मिनी म्हणाली. "घरी असते तेव्हा घरचीच असते."

मी तिच्या नावापुढे फुली मारली. ओर्लाने ती पाहिली. तिने पद्मिनीपुढे दोन पानांचा प्रोग्राम ठेवला. दवाखान्यात दर आठवड्याला येणाऱ्या पेशंटना पुढची वेळ कळवणारा हा प्रोग्राम मी सुट्टीत बसून लिहिला होता, आणि महिन्याभरात तो तीन दवाखान्यांत सुरू होणार होता. मुलाखतीसाठी त्यात दोन चुका मुद्दाम घातल्या होत्या.

पद्मिनीला दहा मिनिटांत दोन्ही सापडल्या. तरी ती पानं खाली ठेवेना.

"हे आयर्लंडमधलेच दवाखाने वापरणार ना?"

"हो. का?"

"पुढची वेळ काढायला तुम्ही सरळ सात दिवसांचे एकशे अडुसष्ट तास मिळवलेत. इथे ऑक्टोबरात घड्याळं तासभर मागे जातात. त्या आठवड्यात दोनच्या पेशंटला एकचा मेसेज जाईल."

ही चूक मी घातलेली नव्हती. माझे कान तापले.

"कसं लक्षात आलं?" ओर्लाने विचारलं.

"दर रविवारी नागपूरला आईला फोन करते. तिकडे घड्याळं बदलत नाहीत. पहिल्या वर्षी माझा फोन तासभर उशिरा गेला, तर ती रडकुंडीला आली होती."

ओर्ला हसली. "ग्रँड. सोमवारपासून येशील?"

पद्मिनी आली. सव्वापाचला ती रेवाला आणायला निघायची, त्याआधी मात्र शंका विचारून आम्हाला भंडावून सोडायची. नवं काही शिकायचं असलं, तर ओर्ला शुक्रवारची दुपार त्यासाठी मोकळी ठेवू द्यायची. घरून कोड लिहून आणणारे आमच्यात चांगले होतेच. पण पद्मिनीने तपासलेलं काम पाठवताना मला कधी धाकधूक वाटली नाही. मुलाखतीतला तो प्रश्न मी सोडून दिला.

डिसेंबरात टीमच्या जेवणाला पद्मिनी ओर्लाचे आभार मानायला उभी राहिली.

"पाच वर्षं सगळे विचारायचे, नवरा काय करतो. कामाची पानं पुढ्यात ठेवून 'बघ' म्हणणारी तूच पहिली."

ओर्लाने तिला मिठीच मारली. मग मीही उठलो. मलाही पद्मिनीचे आभार मानायचे होते. ऑक्टोबरात घड्याळं मागे गेली, तरी त्या तीन दवाखान्यांतल्या एकाही म्हाताऱ्या पेशंटला थंडीत तासभर उगाच बाकावर बसावं लागलं नव्हतं.