खराडीची रनिंग बॅक

प्रिय निखिल आणि सई,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं तुमच्या टीमच्या नव्या रनिंग बॅकवरून अर्धा तास भांडलात. पोरगा नुकताच कॉलेजातून आलाय, पळतो झकास, पण टिकेल का, असा वाद होता. मी मध्ये म्हटलं, "त्याला अजून थोडी संधी द्यावी." त्यावर निखिल म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार. तिकडे अमेरिकन फुटबॉल हा खेळच नाही." सई, तूही हसलीस. ते ऐकू आलं.

मला कळतं. पुण्यात मी हा खेळ पाहिला आहे आणि एका नव्या रनिंग बॅकसाठी भर मैदानात वादही घातला आहे. तो प्रवास आता क्रमाने लिहून पाठवते. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. कागदावर ते जमणार नाही.

तुम्ही लहान होतात तेव्हाची गोष्ट. कर्वेनगरच्या आपल्या घरात, तुमच्या बाबांच्या खोलीत, प्रणिता नावाची मुलगी राहायला आली होती. भंडाऱ्याकडची, तुमसरची. खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची आणि कॉलेजात असताना खो-खो खेळलेली होती. तिच्या कंपनीची सगळी कामं अमेरिकेची. कामांमागोमाग तिथला खेळही आला. रविवारी सकाळी दोन विभागांत सामने होऊ लागले. प्रणिता सरावात कोणाच्या हाती लागेना, म्हणून तिला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारी, केलं. तिचा पहिला सामना त्या रविवारी होता.

गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "आजी, हापिसात मी तोंड उघडलं की लोक हसून राहिले. म्हणून मीटिंगमध्ये बोलतच नाही मी. मैदानात बोलावं लागत नाही ना जी. तिथूनही काढलं तर मंग कायले राहायचं इथं? परत जातो मी तुमसरले." मग भात कालवत म्हणाली, "तुम्ही येता का पाहाले?"

मी गेले.

कंपनीची बस साडेसहाला कोपऱ्यावर आली. मी घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि टोपी घेतली होती. नदी ओलांडली, स्टेशन मागे पडलं, पूल उतरून येरवडा आलं. तुरुंगाची भिंत खिडकीतून बराच वेळ सोबत चालत होती. बसमधली सगळी मुलं माना टाकून झोपली होती. प्रणिता तेवढी जागी, गुडघे हलवत बसलेली. पुढे नगर रस्ता, आणि मग खराडी. संगणकावर नकाशा उघडलात तर आज तिथे तुम्हाला घरंच घरं दिसतील. तेव्हा आठ मजली काचेच्या इमारतीला लागून ज्वारीचं शेत होतं आणि कुंपणाशी दोन म्हशी रवंथ करत होत्या. कंपन्या पोचल्या होत्या, रस्ते अजून यायचे होते.

फाटकावर रखवालदाराने मला अडवलं. यादीत नाव नव्हतं.

"आजी आहे माझी," प्रणिता म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सख्खी?"

"ते मॅच झाल्यावर ठरवू," मी म्हटलं. तो हसला आणि फाटक उघडलं.

आत एका नागपूरकराची हातगाडी होती. त्याने माझ्या पोह्यांवर न विचारता तर्री (हरभऱ्यांचा लालभडक तिखट रस्सा) ओतली. पोह्यांवर रस्सा! पुण्यात हे कोणी केलं असतं तर मी पाटी लावून निषेध केला असता. डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसरी बशी मागून घेतली. प्रणिताने काहीच खाल्लं नाही.

खेळ तुमच्यासारखाच, फक्त धक्काबुक्की नाही. एका बाजूला पाच जण. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या. चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो. चार डावांत अर्धं मैदान पार करायचं, मग पुढच्या चारांत शेवटची रेघ. हे मी वहीत लिहून नेलं होतं. निखिल, चुकलं असेल तर कळव.

मी सावली पाहून खुर्ची मांडली. शेजारी प्रणिताच्याच बाजूचे लोक होते. एक काळे नावाचे हिशेबखात्यातले गृहस्थ, पन्नाशीचे, नारायण पेठेतले. दुसरी शलाका, प्रणिताच्या विभागातली, आवाज खणखणीत. कप्तान अनिरुद्ध दोन वर्षं डॅलसला राहून आला होता आणि ते कोणाला विसरू देत नव्हता.

पहिल्याच डावाला चेंडू प्रणिताच्या हातात आला. ती डावीकडे गेली, एकाला हुलकावणी दिली, उजवीकडे वळली, मागे आली, गोल फिरली. पाचही जण तिच्यामागे, आणि एकाचाही हात पट्टीला लागेना. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अखेर दमून थांबली तेव्हा ती जिथून निघाली होती त्याच्याही आठ पावलं मागे होती.

पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतरही. मध्यंतराला आम्ही बारा गुणांनी मागे होतो.

"पळते सुरेख," काळे म्हणाले. "पोचत कुठेच नाही. आमच्या फायलींसारखं."

"अहो काळेकाका, पाच जणांना दमवलं तिने!" शलाका म्हणाली.

"दमवलं ना. मग त्यांना सरबत पाजू या."

"पहिली मॅच आहे तिची. पोटेन्शियल बघा ना!"

"पोटेन्शियल गेली तीस वर्षं आमच्या भाच्यातही आहे. पुढे बोला."

अनिरुद्ध घाम पुसत आला. "तिला व्हिजनच नाहीये, यार. रनिंग बॅकने पुढे बघायचं असतं. सेकंड हाफ मी पळतो. तिला बसवू या."

"आज बसवू की कायमचं?" शलाकाने विचारलं.

"कायमचंच. तिला उगाच होप्स नकोत."

प्रणिता दहा पावलांवर उभी होती. तिने ते ऐकलं आणि कमरेच्या पट्ट्या सोडायला लागली.

मला त्या क्षणी तिची चूक दिसली. मी स्वतः शाळेत खो-खो खेळले आणि नंतर वीस वर्षं शाळेच्या सामन्यांत गुणलेखक होते. खो-खोत पळतीला (जिचा पाठलाग होतो तिला) कुठेही पोचायचं नसतं. वेळ संपेपर्यंत हाती लागायचं नाही, एवढंच तिचं काम. प्रणिता घड्याळाशी खेळत होती. ती आयुष्यभर जे उत्तम करत आली, तेच उत्तम करत होती. फक्त इथे शिट्टी वाजवून तिला सोडवणारं कोणी नव्हतं.

मी उठून अनिरुद्धकडे गेले. "आपण तिला आणखी तीन डाव द्या."

"आजी, धिस इज नॉट खो-खो."

"ठाऊक आहे. खो-खो अवघड असतो."

काळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आपण स्वतः पहिल्या अर्ध्यात दोनदा चेंडू घेऊन पळालात," मी म्हटलं. "दोन्ही वेळा तीन पावलांत पट्टी गेली. मी लिहून ठेवलंय. वही दाखवू?"

"नको," तो म्हणाला. "ओके. तीन. मग मी."

प्रणिताला मी बाजूला घेतलं. "खो-खोत मारताना, म्हणजे पाठलाग करताना, तू कुठे बसायचीस?"

"खांबाजवळ, आजी. शेवटी."

"खो मिळाला की मारणारीने काय करायचं नाही?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही. फाऊल होते."

"मग आज तू पळती नाहीस. मारणारी आहेस. आणि खांब तिकडे, त्या चुन्याच्या रेघेवर आहे."

तिने पट्ट्या पुन्हा घट्ट बांधल्या.

पहिला डाव. ती बाणासारखी सरळ सुटली आणि थेट दोघांच्या मध्ये जाऊन अडकली. पट्टी गेली.

"प्रगती आहे," काळे म्हणाले. "आता लवकर तरी थांबते."

दुसरा डाव. चार पावलं पुढे, हुलकावणी, आणि जुन्या सवयीने खांदा मागे वळला. तेवढ्यात पट्टी ओढली गेली. अनिरुद्धने शलाकाकडे पाहून हात पसरले. परत जाताना बसमध्ये हिच्याशी काय बोलायचं, ते मी जुळवू लागले.

तिसरा डाव. ती उजवीकडे निघाली. एकजण समोर आला, तिने खांदा पाडला, तो रिकाम्या हवेत झेपावला. मोकळी जागा मागे होती, तिकडे जाणं सोपं होतं. ती गेली नाही. कुंपणाच्या कडेने, म्हशींच्या अगदी जवळून, वाकून, चेंडू पोटाशी धरून ती सरळ पळत राहिली. चुन्याची रेघ ओलांडूनही थांबली नाही. पुढे कुंपण नव्हतं, ती ज्वारीत शिरली. शलाका इतकी ओरडली की माझी टोपी पडली.

सामना आम्ही हरलो, सहा गुणांनी. पण अनिरुद्धने उरलेल्या एकाही डावात चेंडू स्वतःकडे घेतला नाही. निघताना पुढच्या रविवारच्या यादीत त्याने तिचं नाव लिहिलं आणि मला म्हणाला, "अजून रॉ आहे हं, आजी."

"असू दे," मी म्हटलं. "यादीत आहे ना?"

परतीच्या बसमध्ये कोणी झोपलं नाही. येरवड्यापर्यंत वाद चालू होता. कोणी म्हणालं, तो एकच डाव नशिबाने लागला. काळे वळून त्याला म्हणाले, "तुमचं नशीब कुठे ठेवलंय? तेही एकदा मैदानात आणा." प्रणिताने शेवटी पोहे खाल्ले, कागदातले, गार झालेले. मग पुढे वाकून त्या शंका काढणाऱ्याला म्हणाली, "पुढच्या रविवारी मोजा जी. किती वेळा नशीब लागते ते." सगळी बस ऐकत होती. कोणी हसलं नाही.

घरी येऊन मी पाय गरम पाण्यात बुडवून बसले आणि विचार करत राहिले. नव्या खेळाडूबद्दल भांडणारे लोक तुमच्याकडे लाखांनी असतील, आमच्याकडे त्या दिवशी चाळीस होते. स्टेडियम नव्हतं, हेल्मेटं नव्हती, कुंपणापलीकडे म्हशी होत्या. म्हणून तो खेळ खोटा होता, हे मी मानायची नाही. एका मुलीने या शहरात राहायचं की नाही, हे तिथे ठरत होतं. याहून खरं तुमच्या मैदानावरही काही घडत नसेल.

त्या मैदानावर आता मोठी इमारत आहे. ज्वारी गेली. ती कंपनी दुसरीकडे गेली, अनिरुद्ध पुन्हा डॅलसला गेला, काळे निवृत्त झाले. प्रणिता पुण्यातच आहे. मीटिंगा आता तीच घेते, तुमसरच्याच बोलीत. आणि दर रविवारी सकाळी खेळते.

तुमची,
आजी