बाटलीबाईने लपवलेली वही

समुद्रसंशोधन केंद्रात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. कामच तसं होतं. वाऱ्याने भरकटू नयेत म्हणून तळाशी वाळू भरलेल्या बाटल्या, आत नंबर आणि पत्ता घातलेलं कार्ड. मासेमारी करणाऱ्या भावाच्या होडीतून त्या समुद्रात सोडायच्या. कुणाला सापडली की तो जागा आणि तारीख लिहून कार्ड धाडायचा. नऊ वर्षांत पाच हजारांवर बाटल्या झाल्या. कोणत्या महिन्यात किनाऱ्याचं पाणी कुठे वाहतं, हे तिला तोंडपाठ होतं.

त्यावरून तिने काढलेला प्रवाहांचा नकाशा केंद्राच्या साहेबांनी स्वतःच्या नावाने छापला. तिने विचारलं तर भर मीटिंगमध्ये म्हणाले, "अहो बाई, बाटल्या फेकणं म्हणजे संशोधन नव्हे."

सगळे हसले. तीही हसली, पण ते वाक्य काळजात रुतून बसलं.

साहेबांना एक गोष्ट माहीत नव्हती. थंडीच्या चार महिन्यांची वही तिच्या घरी होती, कारण ती केंद्राच्या नोंदींत अजून उतरवून व्हायची होती. त्या महिन्यांत प्रवाह उलटा फिरतो, किनाऱ्याकडे येतो. साहेबांनी मात्र आठ महिन्यांचे बाण बाराही महिन्यांना चिकटवले होते.

पुढे त्याच नकाशाच्या भरवशावर कारखान्याने सांडपाण्याचा नळ खाडीच्या तोंडाशी टाकायचं ठरवलं. "पाणी बारमाही बाहेरच जातं," साहेबांनी सहीनिशी लिहून दिलं. तिने एक शब्द बोलायचा अवकाश होता, पण तिने तोंडाला कुलूप घातलं. म्हणाली मनाशी, चढू दे अजून वर. पडेल तेव्हा लागलंही तसंच पाहिजे.

थंडी आली, आणि घाण माघारी आली. जाळी काळीकुट्ट निघू लागली, मासळी मेली. चौकशी बसली. गच्च भरलेल्या सभागृहात साहेब म्हणाले, "हे आधी कुणालाच कळणं शक्य नव्हतं."

"मला ठाऊक होतं," बाटलीबाई उठली. तिने वही आणि कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

साहेबांचा चेहरा उतरला. "मला का नाही दाखवलंत?"

"बाटल्या फेकणं म्हणजे संशोधन नव्हे ना, साहेब!"

साहेबांची खुर्ची गेली. नव्या नकाशावर तिचं नाव लागणार होतं. ती तरंगतच भावाच्या घरी पोचली. वहिनी ओट्यावर जाळी घासत होती. बातमी तिच्याआधीच पोचली होती.

"वन्सं, कधीपासून ठाऊक होतं?"

"नळ टाकायच्या आधीपासून."

वहिनीचे हात थांबले. "नऊ वर्षं ह्यांनी तुमच्या बाटल्या वाहिल्या. एक पैसा घेतला नाही." एवढं बोलून ती आत गेली. भाऊ तर बाहेरही आला नाही.

नळ वर्षभराने हलवला. मासळी परतायला आणखी दोन वर्षं लागली. बाटलीबाई आता दुसऱ्याची होडी भाड्याने घेते. पश्चात्ताप होतो का, असं केंद्रातल्या एकीने तिला विचारलं.

"भावापुरता होतो," ती म्हणाली. "साहेबापुरता अजिबात नाही."