सैल सांध्यांची खुर्ची

बाबांच्या सांध्यात कागदसुद्धा शिरायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्यांच्या चौकटी केल्या. सुतारांच्या गल्लीत त्यांना ‘घट्टशेठ’ म्हणायचे. बाबांना ते नाव आवडायचं, पण तसं दाखवायचे नाहीत.

आत्या त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आत्यानंच केलं. पुढे ती इस्पितळात नर्स झाली आणि चौतीस वर्षं उभी राहिली. निवृत्त झाल्याबरोबर गुडघ्यांनी संप पुकारला, पण सकाळचं फिरणं काही तिनं सोडलं नाही. घरापासून तळ्यापर्यंत जायचं, काठानं जमेल तेवढं चालायचं आणि परत यायचं. दर दोनशे पावलांवर तिला टेकावं लागायचं. कट्टा, पाइप, कुणाची पायरी, जे मिळेल त्यावर ती बसायची.

एकदा एका दुकानदारानं तिला पायरीवरून उठवलं. गिऱ्हाइकांची वाट अडते म्हणाला. आत्यानं घरी येऊन ते हसत हसत सांगितलं, त्याची नक्कलही करून दाखवली. आम्ही पोट धरून हसलो. बाबा मात्र हातातला चहा तसाच ठेवून उठले आणि घराखालच्या कारखान्यात गेले. जेवायला वर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर भुसा होता.

पहिली खुर्ची घडीची झाली. सागवानी, देखणी. आत्यानं ती एका हातानं उचलून पाहिली, मग दोन्ही हातांनी.

“बाळ्या, हिला मी फिरायला न्यायचं की हिनं मला?”

बासष्ट वर्षांच्या बाबांना बाळ्या म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं होतं.

मग बाबांनी घडीचा नाद सोडला आणि सुट्या भागांच्या मागे लागले. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या दांड्या, बैठकीला आणि पाठीला चामडं. सगळं सुटं करून गुंडाळलं की काखेत मावलं पाहिजे. लाकूडही हलकं निवडलं. पण सांधे पडले बाबांचे! दांडी भोकात बसवायला हातोडा लागायचा आणि काढायला दोन माणसं.

“म्हणजे आता मी हातोडा पण घेऊन फिरू?” आत्या म्हणाली. तरी भावाचं मन राखायला तयार झाली. मी खुर्ची जोडलेलीच उचलून तळ्यावर नेली, बाबाही आले. काठाची जमीन उंचसखल. तीन पाय टेकले, चौथा हवेत. आत्या बसली, डुगडुगली आणि खुर्चीसकट गवतात आडवी झाली. पडल्या पडल्या ती इतकी हसली की मला तिला उठवता येईना. बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

चामड्याचं काम समोरच्या बॅगवाल्या काकांनी केलं होतं. तीस वर्षं त्यांचं दुकान कारखान्यासमोर आहे. दोघं रोज एकत्र चहा प्यायचे आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे. परतताना काकांनी खुर्ची रस्त्यातच थांबवून घेतली, उलटीपालटी केली.

“सांधे सैल कर,” ते बाबांना म्हणाले.

“काय?”

“सैल. दांडी हातानं आत गेली पाहिजे, हातानं बाहेर आली पाहिजे. माणूस बसला की चामडं ताणतं आणि सगळ्याला धरून ठेवतं. सांधा हलता असला की प्रत्येक पाय आपापली जमीन शोधतो.”

“माझ्या हातून सैल सांधा होणार नाही.”

“मग ताईंना घरीच बसव, तुझ्या घट्ट खुर्चीत!”

चार दिवस दोघांचा चहा वेगळा झाला. पाचव्या दिवशी मी खाली गेले तर बाबा दांडीचं टोक कानशीनं घासत होते. जरा निमुळतं करायचे, भोकात घालून बघायचे, दांडी डुलली की कडू औषध घेतल्यासारखं तोंड करायचे.

“बघवत नाही गं,” ते म्हणाले. “ज्यासाठी जन्मभर कारागिरांना झापलं, तेच करत बसलोय.”

दुपारी पाय आणि दांड्यांची मोळी काखेत मारून ते रस्ता ओलांडून गेले. काकांनी स्टूल पुढे सरकवलं. बाबा पट्टी काढून चामड्यावरच्या भोकांची मापं घ्यायला लागले तसे काका वैतागले.

“ती मिलिमीटरची भाषा तुझ्या लाकडाशी बोल. हे ताणणार आहे. तू नुसतं ओढून धर.”

बाबांनी ओढून धरलं, काकांनी आरीनं भोकं पाडली. चहाचा दुसरा कप आला तोवर दोघं आपापल्या कंबरदुखीवर बोलायला लागले होते.

खुर्ची झाल्यावर बाबांनी कारखान्यात तिच्या एका पायाखाली मुद्दाम वीट सरकवली. खुर्ची जराशी वाकली आणि शांत बसली. आधी बाबा बसून उठले, मग काका. मग आत्याला हाक मारली. ती टेकली तशी चामड्याची पाठ तिच्या पाठीबरोबर कलली. आत्यानं डोळे मिटले.

“ताई, टोचतंय का कुठं?”

“गप्प बस जरा. चौतीस वर्षांनी बसलेय.”

बाबा उगाचच पटाशी पुसत राहिले.

महिन्याभरात आत्या तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पोहोचली. तिथं ती तीन वर्षं गेली नव्हती. बोटींचं जुनं छप्पर पाडलं, ही बातमी आम्हाला तिनंच दिली.

एका सकाळी ती रिकाम्या हातांनी परत आली.

“खुर्ची कुठंय?” बाबा ताडकन उठले.

“दिली. बसच्या थांब्यावर एक पोटुशी बाई उभी असते. पाय सुजलेत बिचारीचे.”

“ओळखतेस का तिला?”

“आता ओळखते.”

तिसऱ्या दिवशी ती बाई खुर्ची परत करायला दारात आली. बाबांनी खुर्ची उलटी करून एकेक सांधा तपासला. मग घसा खाकरून विचारलं, “किती महिने राहिलेत?”

“दोन.”

“मग असू दे तुमच्याकडेच. ताईला मी दुसरी करतो. या खुर्चीची पाठ जरा उभीच झालीय.”

“काही उभी नाही झालेली!” आत्या आतून ओरडली. “बाळ्या, पाठीला हात लावायचा नाही!”

पण बाबा तोवर जिना उतरून गेले होते.